बुधवारचा आवाज

ऑफिसात त्याला सगळे घुम्या म्हणत. नाव ठेवलं होतं प्रोफेसरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, आणि तेही लाडाने. मीटिंगमध्ये बाकीचे तावातावाने भांडत असले की हा कोपऱ्यात बसून आपली नखं न्याहाळत असायचा, आणि सगळे दमले की एकच वाक्य बोलायचा. बहुतेक वेळा तेच खरं निघायचं. त्या नावाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढे, त्या नावाने हाक मारायला कोणी उरलं नाही तेव्हा.

कंपनी सुरू झाली ती एका रंगाच्या दुकानावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. खालून टर्पेंटाइनचा वास यायचा. डोकं दुखतंय ते वासाने की चुकलेल्या कोडमुळे, हे कळायचं नाही. काम होतं मोबाइलच्या टॉवरवरच्या अँटेनांना शहाणपण शिकवायचं. साधी अँटेना म्हणजे चौकात उभं राहून साऱ्या गावाला ओरडून सांगणारा माणूस. प्रोफेसरांची अँटेना तशी नव्हती. तिच्यात आठ लहान अँटेना शेजारीशेजारी बसवलेल्या असत आणि त्यांचा ताळमेळ सॉफ्टवेअरने घालायचा असे. चिखलात रुतलेली गाडी आठ जणांनी आपापल्या मर्जीने ढकलली तर जागची हलत नाही. एका दमात ढकलली तर निघते. तसंच हे. आठ जणींनी मिळून एका दमात लहर सोडली की ती नेमकी ज्याच्या फोनकडे जायची त्याच्याकडे जाते. ऐकतानाही तेच.

"शंभर पोरं रडत असली तरी आईला आपलं पोर बरोबर ऐकू येतं," प्रोफेसर म्हणायचे. "आपल्याला यंत्राला आई करायचंय."

"आणि बाप?" कोणीतरी विचारायचं.

"बाप झोपलेला असतो."

घुम्याकडे ऐकण्याचा भाग होता. गोंगाटातून एक आवाज वेचून काढायचा आणि बाकीचे दाबून टाकायचे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

कंपनी वाढली, तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये गेली, माणसं तिसाच्या वर झाली. हॉलच्या टोकाला चाचणीसाठी एक खोली बांधली होती. भिंती, छत, जमीन सगळीकडे काळ्या फोमचे टोकदार सुळके लावलेले, म्हणजे कुठलीच लहर आपटून परत येऊ नये. आवाजही आपटायचा नाही. आत बोललं की शब्द तोंडातून निघून कुठे जायचे कोण जाणे. तिला सगळे मुकी खोली म्हणत. नवीन आलेल्या माणसाला तिच्यात कोंडून "आता गाणं म्हण" म्हणायची तिथली पद्धत होती.

मग प्रोफेसर थकले आणि त्यांनी कंपनी एका बड्या कंपनीला विकली. बड्या कंपनीला माणसं हवी होती, जागा नको होती. ज्याला त्याला दूरच्या मुख्य ऑफिसात बदली मिळाली. एकेक जण खोकी भरून निघाला. जाताना मिठ्या मारल्या, फोटो काढले, येत जा-जात जा झालं. घुम्या मात्र हलू शकत नव्हता. त्याचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले होते. आई आधीच गेलेली, त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आणि थोरली ताई नवऱ्यासोबत परदेशी. ताई फोनवर म्हणायची की चांगली सोय असलेल्या जागा असतात हल्ली, बाबांना तिथे ठेवून तू तुझं बघ. तो हो हो म्हणायचा आणि फोन ठेवून बाबांची कूस बदलायला जायचा.

नेमकी एक अडचण बड्या कंपनीलाही होती. डोंगराळ भागातल्या एका लहानशा नेटवर्क कंपनीकडे घुम्याच्या टोळीचं जुनं सॉफ्टवेअर चालत होतं, आणि ते सांभाळायचा करार अजून कित्येक वर्षं बाकी होता. जुन्या कोडला हात लावायला मुख्य ऑफिसात कोणी तयार नव्हतं. तेव्हा घुम्याला तिथेच राहू दिलं. भाडेकरारही संपायचा होता. एवढा मोठा हॉल, रांगेने टेबलं, फळ्यावर कोणाची तरी अर्धवट पुसलेली आकडेमोड, आणि त्यात एकटा घुम्या. दुपारचा डबा तो खिडकीशी बसून खायचा, कारण तिथून निदान रस्त्यावरची माणसं दिसायची. पहिले काही महिने तो रोज वेगळ्या खुर्चीवर बसून बघायचा. नंतर तेही सुटलं.

दर बुधवारी सकाळी त्या डोंगराळ कंपनीच्या कंट्रोल रूममधून फोन यायचा. बोलायच्या एक बाई. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय हो तुमचा." रिकाम्या हॉलचा घुमारा होता तो. घुम्याने विचार केला आणि पुढच्या बुधवारी फोन मुक्या खोलीत घेतला. चाचण्यांच्या काळात तिथे तारेचा एक फोन बसवला होता, तो अजून चालू होता. दार लावून घेतलं, आणि बाईंचा आवाज असा आला की जणू त्या शेजारी मांडी घालून बसल्या आहेत.

बोलणं कामाचंच असे. टॉवरांना तिकडच्या लोकांनी घरगुती नावं दिली होती. पाण्याच्या टाकीवरचा, शाळेमागचा, वळणावरचा, खाणीवरचा. शाळेमागच्याची एक अँटेना बाकीच्यांशी सूर जुळवत नाही, काय करू. खाणीवरचा धुक्यात मंदावतो. वळणावरच्याची केबल शेळीने खाल्ली. घुम्या सूचना द्यायचा, बाई टाइप करायच्या. हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकलेला असे. टॉवर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात दोघं गप्प असायची. ती गप्प राहायची वेळ घुम्याला सगळ्यात आवडायची. कारण मुक्या खोलीत त्याला पलीकडचं बारीकसारीक सगळं ऐकू यायचं.

बाईंना खोकला होता, सुका, जुनाट. चहाच्या कपात त्यांचा चमचा बराच वेळ किणकिणायचा, म्हणजे त्यांना गोड चहा लागत असणार. कंटाळा आला की त्या नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायच्या, आणि सूर नेमका एका जागी चुकवायच्या. आणि कधी घुम्याच्या तोंडून चुकून एखादा विनोद निघून गेला की त्या हसू दाबायच्या. पण दाबलेलं हसू फुटायचंच. शेळीच्या वेळी तो म्हणाला होता की केबल पचली असेल तर आता शेळीलाच रेंज येईल. त्यावरचं हसू त्याला आठवडाभर पुरलं.

दोन-तीन वर्षांत या सगळ्यातून त्याच्या मनात एक बाई उभी राहिली. खोकला अंगावर काढणारी, गोड चहा पिणारी, गाणारी पण गाता न येणारी. तिच्याबद्दल तो कोणाशी बोलला नाही. बोलणार तरी कोणाशी?

मग बाबा गेले, एका मंगळवारी. बुधवारचा फोन चुकला. पुढच्या बुधवारी बाईंनी साहजिकच विचारलं की मागच्या वेळी कोणी उचलला नाही. घुम्याने आधी शाळेमागच्या टॉवरचं काम संपवलं आणि मग सांगितलं, "मागच्या आठवड्यात वडील गेले माझे."

पलीकडे एकदम शांत झालं. खोकला नाही, चमचा नाही, काही नाही. मग बाई हळूच म्हणाल्या, "जेवलात का?"

"हो, जेवलो," घुम्या म्हणाला.

तो जेवला नव्हता. पण त्या दोन शब्दांवर तो उठला, खाली उतरला आणि जेवून आला. सांत्वनाला आलेल्या सगळ्यांनी बाबा सुटले म्हणून सांगितलं होतं. जेवण कोणी विचारलं नव्हतं. ताईनेही नाही, ती बिचारी फोनवर रडतच होती.

आता तो मुख्य ऑफिसात जायला मोकळा होता. मॅनेजर, वयाने त्याच्याहून लहान पण स्वभावाने भला, दोनदा म्हणाला की या इकडे. घुम्या करार पुढे करायचा. करार आहे तोवर इथे कोणीतरी हवंच ना. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

आणि करारही संपत आला. डोंगरातल्या कंपनीने नवी यंत्रं घ्यायचं ठरवलं. एकेक जुना टॉवर बंद होऊ लागला. बुधवारचं काम आटत चाललं, फोन लहान होत चालला. शेवटी राहिला खाणीवरचा. तो बंद करायची आज्ञा इथे बसूनही देता आली असती. घुम्याने मॅनेजरला सांगितलं की शेवटचा टॉवर आहे, समोर असलेलं बरं. मॅनेजर म्हणाला, इथूनही होतंय की. मग स्क्रीनवर त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, जा, जाऊन या.

निघायच्या आदल्या दिवशी घुम्या बाजारात गेला आणि त्याने एक लोकरीचा मफलर घेतला. रंग ठरवायलाच त्याला अर्धी दुपार लागली. शेवटी करडा घेतला, कारण करडा कोणालाही चालतो.

बस घाट चढून पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कंट्रोल रूम म्हणजे बस स्टँडजवळची लहानशी दुमजली इमारत. खाली बॅटऱ्या, केबलची भेंडोळी, आणि बाहेरून लोखंडी जिना. वरच्या दारात एक उंच बाई उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड, पायात जाड तळव्यांचे बूट.

"या. फार वर्षं लावलीत, पण या," त्या म्हणाल्या, आणि आवाज तोच होता.

घुम्याने वाटेत पाठ केलेलं सगळं जिन्यातच सांडलं. त्याने पिशवीतलं पाकीट काढून सरळ त्यांच्या हातात दिलं. "तुमच्या खोकल्यासाठी."

बाईंनी मफलर उलगडला, त्याच्याकडे बघितलं. "मला कुठे खोकलाय?"

तेवढ्यात आतून खोकला आला. सुका, जुनाट, ओळखीचा.

आत एक लांब टेबल होतं. मधोमध तीन पायांचा काळा स्पीकर-फोन खेकड्यासारखा बसलेला, आणि भोवती पाच खुर्च्या. खोकणारा माणूस स्टोअरकीपर होता. साठीकडे झुकलेला, काडीसारखा. त्याच्या शेजारी जीपचा ड्रायव्हर कपात चमचा फिरवत होता आणि साखर विरघळली तरी थांबत नव्हता. खिडकीशी हिशेब बघणारी जाडजूड मावशी बसली होती. मफलरची भानगड तिच्या लक्षात आली, तिने पदर तोंडाशी नेला, आणि तिचं दाबलेलं हसू फुटलं. घुम्याला ते हसू पाठ होतं. गुणगुणणारा होता टॉवरवर चढणारा वायरमन. घुम्या येऊन बसल्यावरही तो सवयीने गुणगुणला आणि नेमका तिथेच चुकला.

"आम्ही तुम्हाला चांगलं ओळखतो, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "एरवी सगळे फिरतीवर. बुधवारी मात्र तुमच्या फोनला सगळे हजर. शेळीचं तर आम्ही अजून सांगतो लोकांना."

बाईंना वाटत होतं की त्याला हे ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं म्हणे, की आम्ही सगळे बसलोय. त्याला आठवेना. कदाचित विहिरीतून आलेल्या आवाजाच्या गडबडीत ते राहून गेलं असेल.

"गर्दीतून एक आवाज वेचून काढणारं सॉफ्टवेअर तुमचंच ना?" वायरमनने विचारलं, आणि सगळे हसले. घुम्याही हसला. हसताना त्याला आपले कान तापलेले कळत होते. इतकी वर्षं आपण दार लावून, एकट्याने, एका माणसाशी बोलतोय असं समजत होतो, आणि पलीकडे पाच माणसं चहा पीत बसलेली. कोणी फसवलं नव्हतं. कोणावर रागावताही येईना. घरी येऊन कुलूप उघडावं आणि आत भलतंच सामान दिसावं, तसं त्याला झालं.

खाणीवर जाताना जीपच्या मागच्या बाकावर त्याच्या शेजारी स्टोअरकीपर बसला. ऊन असूनही त्याने तो करडा मफलर गळ्याला गुंडाळला होता. मग खाणीचा कच्चा रस्ता लागला आणि धुळीने त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "वडील गेले म्हणालात ना तुम्ही, तेव्हा बाईंना काही सुचेना. रडूच आलं होतं त्यांना. मी म्हटलं त्यांच्या कानात, विचारा जेवला का. आमची मंडळी गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

म्हणजे ते दोन शब्दही बाईंचे नव्हते. घुम्या बाहेर बघत राहिला. फोडलेल्या दगडांचे पांढरे ढीग मागे जात होते. जिवापाड जपलेली एक गोष्ट हातातून निघून गेली होती, आणि ज्याची होती तो शेजारी बसून डोळे पुसत होता, धुळीमुळे.

"जेवलो नव्हतो तेव्हा," घुम्या म्हणाला. "तुम्ही विचारलंत म्हणून नंतर जेवलो."

म्हाताऱ्याने मान हलवली.

टॉवरचं काम कितीसं असणार. नवी अँटेना शेजारी कधीच बसली होती आणि चालूही झाली होती. घुम्याने लॅपटॉप जोडला, आज्ञा दिली, पेटीतला पंखा मंदावत थांबला, हिरवा दिवा विझला. वायरमनने खिशातला फोन काढून बघितला. रेंज होती तशीच होती. खाणीतल्या एकाही माणसाचं बोलणं मध्येच तुटलं नाही. म्हणजे काम चोख झालं.

दुपारी सगळ्यांनी त्याला जेवू घातलं, आग्रह करकरून. मावशीने डबाभर बांधूनही दिलं. संध्याकाळच्या बसला पोचवायला बाई एकट्याच आल्या. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर दोघं बसली. बसला वेळ होता, आणि आता पुन्हा सुरू व्हायला कुठला टॉवर नव्हता.

घुम्याने कधी कोणाला मनातलं विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "मॅडम, तुम्ही एकट्या असताना माझ्याशी कधी बोललात का?"

बाईंनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. "एकदा. वळणावर दरड कोसळली होती तेव्हा. सगळे तिकडे गेले होते. मी एकटीच होते. खूप बोलायचं होतं मला त्या दिवशी, कामाचं नाही, असंच. घरचं सगळं डोक्यावर आलं होतं. पण तुम्ही फार लवकर फोन ठेवलात."

घुम्याला तो बुधवार आठवला. खोकला नव्हता, चमचा नव्हता, गाणं नव्हतं. बाई काहीतरी हवापाण्याचं विचारत होत्या, आणि त्याला तो आवाज कोरा, परका वाटला होता. त्याने समजूत करून घेतली होती की आज यांचा मूड नाही. आपण उगाच लांबवू नये. खऱ्या बाई तेवढ्या एकदाच आल्या होत्या, आणि त्याने त्यांना ओळखलं नव्हतं.

"मला वाटलं तुम्ही रागावलात," तो म्हणाला.

"मला वाटलं तुम्ही."

बस आली. बाईंनी त्याचा फोन मागून घेतला आणि त्यात आपला घरचा नंबर घातला. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. आणि कंट्रोल रूमचा बुधवारचा फोन तर आता नवी यंत्रं देणाऱ्या कंपनीला जाणार होता. खिडकीतून त्याने हात केला. त्यांनीही केला आणि बस हलायच्या आधीच वळून चालायला लागल्या, झपाझप.

त्यानंतर भाडेकरार संपला. मुक्या खोलीचे सुळके कामगारांनी दोन दिवसांत उचकटून गोणीत भरले. काढल्यावर आतली भिंत साधी, पिवळट निघाली. घुम्या मुख्य ऑफिसात गेला. तिथे शेकडो माणसं, आणि प्रत्येकाच्या कानात काहीतरी घातलेलं. जुन्या टोळीतले चार-पाच जण भेटले, एकदा कँटीनमध्ये जेवले, पण आता ज्याचे त्याचे संसार होते, हुद्दे होते. "घुम्या" म्हणून हाक मारताना त्यांनी आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. राहायला त्याला उंच इमारतीत एक खोली मिळाली. स्वयंपाकघरात उभं राहिलं की शेजारच्या बिऱ्हाडाचा नळ ऐकू यायचा.

बाईंना फोन करायचं तो पुढे ढकलत राहिला. काय बोलायचं? टॉवर नाही, शेळी नाही. आणि पलीकडे काय ऐकू येईल, हे त्याला आता सांगता येत नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुपारी केला. बाईंनी उचलला. त्या गच्चीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. वाऱ्याचा फडफडाट येत होता. त्यांनी विचारलं की जागा कशी आहे, कितवा मजला आहे. त्याने सांगितलं. त्याने त्यांच्या घरच्यांबद्दल विचारलं. दरडीच्या वेळचं जे होतं ते आता निवळलं, त्या म्हणाल्या, पण काय होतं ते सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. मग दोघांचंही बोलणं संपलं. वारा तेवढा येत राहिला. घुम्या फोन कानाशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला. ही शांतता कशाची आहे, ते त्याला अजिबात कळत नव्हतं. तरी तो थांबला. मध्येच बाईंनी श्वास घेतला, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि त्या "अगबाई, दूध" म्हणाल्या.

फोन त्यांनीच ठेवला.